माळावरची घरं कुणाच्या हद्दीत?

खणीवरचा:

परवा रविवारी सकाळी बऱ्याच दिवसांनी कोल्हापूरला लागून असलेल्या पाचगावातनं वर गिरगावच्या बाजूला चालत गेलो. फिरायला नव्हे, मेव्हण्याला प्लॉट बघायचा होता आणि त्याला सोबत पायजे होती. टेकावर जाऊन मागं वळून बघितलं तर दोन मिनिटं काय बोलायलाच सुचेना. शाळेत असताना आम्ही इथं सायकली ढकलत यायचो, पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि उन्हाळ्यात नुसता मुरूम, दिवस मावळला की माणूस दिसायचं नाही. आता अख्खा उतार जेसीबीनं पायऱ्या पाडल्यागत कापलाय, प्रत्येक पायरीवर एक घर, घराला लागून घर, मधी दहा फुटी रस्ता म्हणजे सांगायला दहा फुटी, एक ट्रॅक्टर आला की समोरच्याच्या पायरीवर चढायचं. आणि जिथं घर नाही तिथं चुन्याच्या रेघा आणि रोवलेले दगड.

एजंट पोरगं हुशार होतं. म्हणालं दादा महापूर इथं जन्मात यायचा नाही. आता याच्यावर काय बोलणार, 2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्या वर, धोका पातळी 43. मेव्हणा नदीकडच्या गल्लीत भाड्यानं राहतोय, दोन्ही वेळेला त्याचं तिजोरी-फ्रीज सगळं पाण्यात. त्याला उंची विकत घ्यायचीय, बाकी कागदाचं त्याला काय पडलेलं नाही.

मी कागद मागितला तर 7/12 वर पंधरा नावं. पोरगं म्हणतंय सगळ्यांचं असंच आहे. खोटं बोलत नव्हतं ते, कारण माझं स्वतःचं घर, 2009 साली घेतलेलं दीड गुंठा, त्याच्याही उताऱ्यावर मी अकरावा आहे. पंधरा वर्षं होऊन गेली, लोन पतसंस्थेचं, कारण बँकेनं दारात उभं केलं नाही.

तर डोक्यात किडा आला तो हा, की शहरातल्या टेंबलाई टेकडीच्या उताराला पत्र्याची घरं आहेत त्याला आपण झोपडपट्टी म्हणतोय आणि माळावर स्लॅबची घरं आहेत त्याला उपनगर म्हणून जाहिरात करतोय, आणि दोन्हीकडं ड्रेनेज नाही, दोन्हीकडं पाण्याची बोंब, दोन्हीकडं बांधकाम परवाना विचारला की माणूस विषय बदलतंय. मग फरक कशात आहे? स्लॅबमध्ये?

(नाव खणीवरचा कारण लहानपण एका खणीच्या काठावर गेलंय. कोल्हापुरात खणीला कमी नाही, रंकाळा पण मूळची खणच होती म्हणतात.)

पेठेतला:

भावा फरक सांगू का? झोपडपट्टीवाला निदान शहराच्या हद्दीत आहे. तुम्ही लोक राहणार हद्दीबाहेर, पोरं शाळेला शहरात, आजारी पडला की सीपीआर दवाखाना, केएमटीची बस पायजे, फायर ब्रिगेड पायजे, रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला पण येणार, आणि घरफाळा मात्र ग्रामपंचायतीत. हद्दवाढ म्हटलं की लगेच मोर्चा. 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून एक इंच हद्द वाढलेली नाही, 66.82 चौरस किलोमीटर म्हणजे 66.82. 2011 च्या जनगणनेलाच साडेपाच लाखाच्या आसपास माणूस होता या एवढ्याशा जागेत. आम्ही पेठेतली माणसं घरफाळा भरून भरून तुमची पोरं सांभाळायची का?

पाणंद_रस्ता:

पेठेतले साहेब, आम्ही पण घरफाळा भरतोय, फुकट राहत नाही. आणि मोर्चात मी स्वतः होतो 2016 ला, लपवायचं काय कारण.

आमचं म्हणणं साधं होतं. हद्दीच्या आतली म्हणून जी उपनगरं आहेत, फुलेवाडी रिंगरोडच्या अंगाला जा, आपटेनगरच्या मागं जा, तिथं गटारी बघून या आणि मग आम्हाला सांगा शहरात येऊन काय मिळणार ते. शेतावर रस्त्याचं-बागेचं आरक्षण पडणार हे नक्की, फाळा वाढणार हे नक्की, बाकी कशाची गॅरंटी नाही. चार एकराचा माणूस भिणारच की.

मग सरकारनं मधला मार्ग काढला, 2017 ला शहराभोवतीच्या गावांसाठी विकास प्राधिकरण केलं, 42 गावं त्यात टाकली. झालं काय, आधी ग्रामपंचायतीत जाऊन काम व्हायचं ते बंद झालं आणि प्राधिकरणाकडं माणसं आणि पैसा किती ते तुम्हीच बघा. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं रीतसर परवान्याला फाईल घातली, दीड वर्ष चपला झिजवल्या आणि शेवटी पावसाच्या आधी स्लॅब टाकून मोकळा झाला. आता तो पण तुमच्या भाषेत अनधिकृत.

पण एक कबूल करतो, कारण इथं खोटं बोलून काय फायदा नाही. जमिनी आम्हीच विकल्या. माळ कधी पिकला नाही, पावसाळी नाचणी नाहीतर भुईमूग, तेपण झालं तर झालं. खाली ऊसवाला एकराचा हिशोब करायचा आणि वर आमचा माळ नुसता जनावरं सोडायला. मग एक दिवस एजंट आला आणि गुंठ्याचा भाव सांगितला, आईशप्पथ आमच्या म्हाताऱ्यानं तीनदा विचारलं, गुंठ्याचा का एकराचा? त्याच पैशावर बहिणीचं लग्न झालं. रस्त्याला किती सोडायचं, ओढा कुठनं जातोय, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आम्ही पण नाही.

मोजणीवाला:

मी मोजणीच्या धंद्यात आहे, खाजगी. धागा बघून राहवेना म्हणून लिहितोय, लांबलं तर सोडून द्या.

गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्याचा एकर. आता कायदेशीर लेआऊट करायचा म्हटलं तर बिनशेती करा, नगररचनेची मंजुरी घ्या, रस्ते नऊ-बारा मीटरचे सोडा, ओपन स्पेस सोडा, 40 मधले विकायला पंचवीस-सव्वीस उरले तरी नशीब. आणि गुंठेवारीत, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं विकलं तर? दहा फुटी बोळ सोडला की 34-35 विकले. एजंटचा सगळा नफा त्या मधल्या आठ-नऊ गुंठ्यात आहे, म्हणजे तुमच्या रस्त्यात आणि तुमच्या पोरांच्या खेळायच्या जागेत. गुंठा स्वस्त पडतो तो याच्यामुळं.

7/12 वर पंधरा नावं का, तर तुकडेबंदी. कायदा 1947 चा आहे, शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून. 2023 ला जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे अशी कमीत कमी मर्यादा आली, त्याच्या आधी ती जास्तच होती. मग लोकं काय करतात, दहा-पंधरा जण मिळून एकत्र दस्त करतात, कागदावर सगळ्यांचं सामाईक आणि जागेवर ज्याचा त्याचा दगड रोवलेला. तो दगड सरकारला दिसत नाही. पुढं एकानं कर्ज काढलं, एक वारला, एकाच्या बहिणीनं हक्क सांगितला की चौदा जण अडकले. कोर्टात असली प्रकरणं किती आहेत विचारू नका.

आणि नियमित करायचा रस्ता नाही असंपण नाही. गुंठेवारीचा कायदा 2001 चा आहे, तेव्हा 1 जानेवारी 2001 पर्यंतचे प्लॉट धरले होते, मग 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे धरले. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तुकडेबंदी शिथिल करायची घोषणा झाली, तेव्हा आमच्या ऑफिसात आठवडाभर चहा पुरेना एवढी माणसं. माझं मत विचाराल तर, दर दहा-वीस वर्षांनी तारीख पुढं सरकतीय हे एजंटला आपल्या आधी कळलंय. आज काढा, उद्या नियमित होतंय, हे तो बिनधास्त सांगतो आणि वाईट याचं वाटतं की तो बरोबर निघतो.

फक्त एक गोष्ट कुठल्याच तारखेनं नियमित होत नाही, ती म्हणजे उतार. एकास पाचपेक्षा जास्त चढ असलेल्या डोंगरउतारावर बांधकामाला परवानगी नाही, म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ आला की संपलं. खणीवरचे, तुम्ही जिथं उभं होता तिथं माझ्या अंदाजानं काही ठिकाणी एकास तीन असेल. जेसीबीनं आधी कापून सपाट केलं की मोजणीत तो चढ दिसत नाही, हीपण एक शक्कल आहे.

शिलाईमशीन:

टेंबलाईच्या उताराचं नाव निघालं म्हणून लिहितो. (हो, बाईच लिहितोय, कोल्हापूरची हाय, मी असंच बोलतो.)

माझा जन्म तिथलाच. आई-वडील दुष्काळात आलेले, वडील खणीवर दगड फोडायला. तुम्ही ज्या बंगल्यात राहताय त्याच्या पायातला काळा दगड कुणीतरी फोडलेला हाय आणि तो फोडणारा रोज रात्री कुठंतरी झोपायला जात होता, एवढं जरा ध्यानात घ्या. खणीपासनं कामाला जवळ पडतंय आणि तिथनं कोण उठवत नाही, म्हणून उतारावर चार काठ्या आणि बारदान. मग पत्रा. मग एका दिवाळीत अर्धी वीट. पक्की भिंत व्हायला आमच्यात बावीस वर्षं लागली, दरवर्षी थोडी थोडी, कारण जास्त घातलं आणि पाडलं तर? त्या भीतीनं माणूस पैसा असून पण बांधत नाही. लोकं म्हणतात झोपडपट्टीवाल्यांच्या घरात टीव्ही असतोय आणि भिंत नसतीय. अहो टीव्ही उचलून नेता येतो.

पाण्याचं सांगतो. आषाढात टेंबलाईला नवं पाणी घालतात माहीत हाय न्हवं सगळ्यांना, पंचगंगेचं पाणी कलशातनं वाजतगाजत, पी ढबाक वाद्यं लावून टेकडीवर नेतात. आमची आई घागर घेऊन खालच्या नळावर रांगेत उभी असायची आणि ते बघून म्हणायची, देवीला नदी वर येती, आम्हालाच खाली जावं लागतंय. तीस पायऱ्या, मुरमात खोदलेल्या, पावसात घसरायच्या. शेजारची एक वहिनी आठव्या महिन्यात त्याच पायऱ्यांवर पडली. पुढचं लिहीत नाही.

आता नळ आलाय, दिवसाआड कधी येतो कधी नाही, पण आलाय. लाईटचं मीटर हाय. झोपडीचा फोटोपास हाय, मतदान कार्ड हाय, रेशन हाय. घरकुलाला अडीच लाख मिळतात म्हणून गेलो, दीड केंद्राचे आणि एक राज्याचे, तर जागा तुमच्या नावावर हाय का म्हणून विचारलं. त्या ऑफिसातल्या बाईचा पण दोष नाही, तिच्या कागदात तो रकाना हाय. मी म्हटलं चाळीस वर्षाचा फाळा दाखवू का, तर म्हणाली फाळा भरला म्हणजे जागा तुमची होत नाही.

आणि हे माळावरचे लोक. रागवू नका. माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येतात तिकडनं बायका, एक बाई म्हणाली तुमच्या वस्तीत यायला भ्या वाटतंय हो. मी विचारलं तुमचं घर कुठं, सांगितलं. परवाना हाय का विचारलं, तर हसायला लागली.

पेठेतला:

ताई, मी लिहिलं ते हद्दीबाहेरच्या लोकांना होतं, तुम्हाला नव्हे. टीव्ही उचलून नेता येतो हे वाचून गप्प बसलोय.

ओढ्याकाठचा:

रामानंदनगरात राहतो. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेचं पाणी शेवटी आमच्या दारात येतंय, अक्षरशः.

आमच्याकडं पंचगंगेचा पूर येत नाही, ती तिकडं उत्तरेला. आमच्याकडं येतंय ते माळावरचं. कात्यायनीच्या डोंगराकडनं, कळंब्याकडनं, पाचगावच्या बाजूनं जे ओढे येतात तेच पुढं जयंती नाला होतंय. पूर्वी माळावर पाऊस पडला की गवत आणि मुरूम त्यातलं बरंच पिऊन घ्यायचं, ओढा फुगायला वेळ लागायचा आणि मग दोन दिवस वाहायचा. आता वर पत्रा, स्लॅब, काँक्रीटचे रस्ते. एक तास वळीव झाला तरी अर्ध्या तासात आमच्या पुलाला पाणी टेकतंय. तेपण नुसतं पाणी न्हवे, गढूळ लाल, सगळा कापलेला मुरूम घेऊन. गेल्या वेळेला घरातनं सहा पाट्या मुरूम काढलाय, विकला असता तर दोन पैसे मिळाले असते.

आणि वरच्यांच्या शोषखड्ड्याचं काय सांगू. खाली दोन-तीन फुटांवर काळा पाषाण, त्यात शोषणार काय? खड्डा भरला की झिरपत खालच्या घराच्या भिंतीतनं बाहेर, तिथनं ओढ्यात. कळंबा तलाव संस्थानी काळात बांधला, शहराला पाणी मिळावं म्हणून. त्याच्या वरच्या अंगाला आज किती घरं झालीत आणि त्यांचं सांडपाणी कुठं जातंय, हे पेठेतल्यांनी पण एकदा जाऊन बघावं. पाणी काय हद्द विचारून वाहत नाही, ग्रामपंचायतीतनं निघतंय आणि महापालिकेत तुंबतंय.

पाणंद_रस्ता:

ओढ्याकाठचे, तुमचं खरं आहे पण एक विचारतो, तुमची कॉलनी झाली तेव्हा तो ओढा किती रुंद होता आणि आता किती आहे? आम्ही लहानपणी तिथं म्हशी धुवायचो.

ओढ्याकाठचा:

माझ्या वडिलांनी घेतलंय भाऊ. पण हो. अर्धा राहिलाय.

खणीवरचा:

आता या सगळ्यात मेव्हण्याला काय सांगू? नदीकडं निळी रेषा आणि लाल रेषा, म्हणजे पंचवीस वर्षांच्या पुराची आणि शंभर वर्षांच्या पुराची, तिथं घर नको हे पटलं. पूर्वेला हायवे आणि एमआयडीसीच्या बाजूला भाव विचारायची सोय नाही. ऊसाची काळी जमीन कोण विकत नाही, आणि विकली तर आपल्याला झेपत नाही. शहरात फ्लॅट, तो फाउंड्रीत कामाला आहे, त्याच्या पगारात हप्ता बसत नाही. राहिला माळ. म्हणजे जिथं राहू नये तिथंच परवडतंय. आम्हा सगळ्यांचं तेच झालंय की, शिलाईमशीन ताईंच्या वडिलांचं पण आणि माझं पण.

मोजणीवाला:

घ्यायचंच असेल तर निदान एवढं बघायला सांगा. सामाईक उताऱ्यातल्या बाकीच्या माणसांना एकदा घरी बोलवून चहा पाजा, कोण कोण आहे ते कळू दे, पुढं सहीला तेच लागणार आहेत. पावसाळ्यात जाऊन प्लॉट बघा, उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात. पाणी कुठनं उतरतंय त्याच्या आड घर नको, ओढा आत्ता कोरडा असला तरी त्याला त्याची वाट पाठ असतीय.

आणि कापलेल्या मुरमाला भिंत. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात आधी पैसे वाचवतात ते इथंच. कोरडा मुरूम दगडागत उभा राहतो, म्हणून माणूस फसतो. दोन पावसाळे भिजला की चाळणीतल्या पिठागत येतो खाली. भिंत दगडाची, खाली रुंद वर निमुळती, आणि पाणी बाहेर पडायला मधी मधी पाईप सोडलेले. पाईप न सोडता प्लास्टर करून रंग दिलेल्या भिंती मी बघितल्यात, दिसायला झकास, मागं पाणी साठतंय आणि एक दिवस अख्खी भिंत पुढं येतीय. 2021 ला पन्हाळ्याचा रस्ता खचला होता आठवतंय? तो तर रस्ता होता, त्याच्या खाली कुणाचं किचन नव्हतं.

पेठेतला:

हे सगळं प्राधिकरणानं बोर्डावर लिहून लावायला पायजे होतं. मोजणीवाल्यानं रात्री बारा वाजता टाईप करायचं काय काम.

पाणंद_रस्ता:

बोर्ड लावला तर परवाना पण द्यावा लागंल की.

पेठेतला:

बघा, तुम्ही हद्दीत आला असता तर दोघं मिळून शिव्या दिल्या असत्या. असो, हद्दवाढीवर माझं मत बदललेलं नाही.

खणीवरचा:

मोजणीवाले, तुमचं सगळं मेव्हण्याला काल रात्री वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं त्यानं, मान पण हलवली. मग म्हणतोय, मी शनिवारीच टोकन दिलंय. म्हणजे रविवारी आम्ही टेकावर उभं राहून बघत होतो तो प्लॉट आधीच त्याचा झालेला, मला नुसतं दाखवायला नेलं होतं. बहीण म्हणाली 2021 ला तीन दिवस शाळेच्या वर्गात झोपलोय दादा, आता कागदाचं काय सांगू नकोस.

दीड गुंठा आहे. वरच्या अंगाला कापलेला मुरूम, पुरुष-दीड पुरुष उंच. भिंत मी बांधून देतो म्हटलंय, दिवाळीचा बोनस त्यातच जाणार. मोजणीवाले, एक दिवस येणार का बघायला? गाडीची सोय करतो, फी पण घ्या.

मोजणीवाला:

रविवारी सकाळी आठला. फी नको, मिसळ घाला.

शिलाईमशीन:

दादा, भिंत बांधताय तर वरच्या कडेला चर पण मारून घ्या, पाणी भिंतीवर यायच्या आधी बाजूला वळतंय. आमच्या वडिलांनी मारलेला अजून हाय, दर मे महिन्यात आम्ही गाळ काढतो. आणि बहिणीला सांगा, दार पश्चिमेला काढू नका. माळावर पावसाचा मार तिकडनंच असतोय, उंबऱ्यातनं पाणी आत येतंय.